राणे रस्ता साफ करत होते, तोफखान्याच्या तोंडी
सेकंड लेफ्टनंट रामा राघोबा राणे यांना परमवीर चक्र मिळाले ते 'रस्ता बांधल्याबद्दल', असे कुणी कुणी म्हणतात. मुळात काम काय होते ते पाहायला हवे.

एप्रिल १९४८, काश्मीरसाठीचे भारत-पाक युद्ध. जम्मू भागातल्या नौशेराहून राजौरीकडे रणगाडे न्यायचे होते, आणि वाटेतले सुरुंग व अडथळे काढायचे काम राण्यांच्या तुकडीकडे होते. ८ तारखेला सुरुंग काढणे सुरू होताच उखळी तोफांचा मारा झाला. २ जवान गेले, ५ जखमी झाले, त्यांत स्वतः राणे. तरी ते मागे फिरले नाहीत.

डोंगरी रस्त्याला एका बाजूला कडा, दुसरीकडे दरी. त्यामुळे अडथळा टाळून जायला सहज जागा नसते. ९ तारखेला चिडाच्या (पाइनच्या) झाडांचे दोन अडथळे त्यांनी स्फोटके लावून उडवले आणि शत्रूने उडवलेल्या मोरीला (रस्त्याखालच्या छोट्या पुलाला) बाजूने वळणरस्ता काढला. अंधार पडता पडता पुढे ५ मोठी झाडे आडवी, भोवती सुरुंग, वर शत्रूच्या मशीनगनची नजर. झाड ओढायला जावे तर पाय सुरुंगावर पडणार, म्हणून आधी सुरुंगच काढावे लागतात. तेही गोळीबारात, हाताने.

त्या अडथळ्याचे काम १० तारखेला पहाटे पावणेपाचला सुरू करून साडेसहाला त्यांनी रस्ता मोकळा केला. पुढचे हजारेक यार्ड साडेदहापर्यंत. रणगाडे दुपारी राजौरीच्या वाटेवरच्या चिंगसला पोचले, पण राणे रात्री ९ पर्यंत उपाशीपोटी रस्त्यावरच, कारण मागून रसदीच्या गाड्या यायच्या होत्या. १२ तारखेला राजौरी हाती आली.

कारवारजवळच्या चेंडियाचा हा माणूस बॉम्बे सॅपर्सचा, म्हणजे सैन्याच्या अभियंता दलाचा होता. बंदूक चालवण्याइतकेच हेही लढणे आहे, आणि माझ्या मते अधिक अवघड, कारण उलट गोळी झाडायला हात मोकळे नसतात.