मत मागायला आलेल्या उमेदवाराला तुम्ही काय विचारलंत?

२०२४च्या विधानसभेला आमच्या गल्लीत प्रचारफेरी आली, तेव्हा मला एकच प्रश्न सुचला: नाल्याची भिंत कधी बांधणार? घरात आल्यावर डोक्यात आलं, हे आमदाराचं काम नव्हेच. पण २०२२मध्ये महापालिकेची मुदत संपल्यापासून नगरसेवकच नव्हता, आणि प्रशासक काही गल्लीत येत नव्हता. मग विचारायचं कोणाला? "ताई, बघतो" म्हणून उमेदवारांनी हात जोडले. आरक्षणावर, राज्याच्या कर्जावर त्यांचं मत काय, मला आजही ठाऊक नाही. मत मात्र मी त्यांनाच दिलं!

तुमच्याकडे काय झालं? गल्लीतलं आणि राज्यातलं, दोन्ही लिहा. उमेदवाराचं नाव नको, पक्षाची भांडणं तर अजिबात नकोत.

लातूर जिल्हा

आमच्याकडं विषय एकच, सोयाबीन. तेव्हा हमीभाव क्विंटलला ४,८९२ आणि आडतीवर चार हजाराच्या आसपास. एक आघाडी सहा हजार देऊ म्हणत होती, दुसरी सात. पारावर सभा झाली तेव्हा एका म्हाताऱ्यानं बंडीच्या खिशातून पट्टी काढली आणि उमेदवाराच्या हातात दिली, "मोठ्यानं वाचा" म्हणून. साहेबांनी वाचली. वजन, भाव, हमाली, तोलाई, हाती आलेले पैसे. शेवटच्या आकड्यापर्यंत आवाज पार खाली गेला होता.

मी ओलाव्याचं विचारलं. खरेदी केंद्रावर यंत्रात १३ दिसले की पोतं माघारी, कारण मर्यादा १२ टक्क्यांची. "ते केंद्राकडं आहे" म्हणाले. खोटं नव्हतं ते. मतदानाच्या पाच दिवस आधी केंद्रानंच ती १५ केली. तोवर आमच्या निम्म्या गावानं माल व्यापाऱ्याला घातला होता.

नाशिक

लाडक्या बहिणींना महिन्याला १५०० मिळतात, त्याचे २१०० करायचे की ३०००, एवढाच लिलाव चालला होता. पैसे कुठून आणणार, असं विचारलं तर कार्यकर्त्यानं असं बघितलं, जणू मी बारशाला जाऊन दवाखान्याचं बिल विचारलं.

पुणे, २०२१मध्ये पालिकेत आलेलं गाव

२३ गावं शहरात घेतली, घरपट्टी आली, पाणी टँकरचंच. सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये उमेदवाराला बोलावलं होतं. पहिला अर्धा तास ते राज्यातल्या गुंतवणुकीवर बोलले, आणि छान बोलले. मग आमच्या खजिनदारांनी टँकरच्या पावत्यांची फाइल टेबलावर ठेवली. फाइल उघडलीच नाही, पण स्वीय सहायकानं आमचा प्रश्न लग्नपत्रिकेच्या मागे लिहून घेतला. कोणाचं लग्न होतं देव जाणे.

- अहो, आमच्याकडे तर तेही लिहून घेतलं नाही.

सत्तरी, गोवा

आमच्याकडे मतदारसंघ तीसेक हजार मतांचा. उमेदवाराला तुमच्या घरातल्या कुत्र्याचंसुद्धा नाव ठाऊक असतं. त्यामुळे त्याला धोरण कोण विचारणार? पोराच्या सरकारी नोकरीचंच बोलणं. २०२२च्या फेब्रुवारीत मी मुद्दाम विचारलं, २०१८पासून खाणी बंद आहेत, तुमचं म्हणणं काय? "सुरू करणार." आणि मेळावलीत आयआयटीच्या विरोधात राहिले तसं लोकांनी जमिनीसाठी उभं राहायचं ठरवलं तर? "लोकांबरोबर." दोन्ही उत्तरं एकाच कप चहात. कर्नाटकाशी जिच्या पाण्यावरून वाद आहे त्या म्हादई नदीवर मी विचारलंच नाही. तिच्यावर इथे कोणाचंच दुमत नसतं, निदान बोलताना.

ॲशबर्न, व्हर्जिनिया

२०२३च्या नोव्हेंबरमध्ये इथल्या राज्याच्या प्रतिनिधीगृहाच्या शंभरही जागांची निवडणूक होती. मी स्टुलावर चढून आकाशकंदील लावत होतो, तेवढ्यात उमेदवार बाई एकट्याच दारात. हातात कागदांचं पॅड, ना फटाके, ना गाडी. आधी कंदिलाची चौकशी केली. मी डेटा सेंटरचं (इंटरनेटचे संगणक ठेवायच्या, भरपूर वीज खाणाऱ्या इमारतींचं) विचारलं, कारण आमच्या भागात ती इतकी झाली आहेत की विजेच्या तारांचे नवे मार्ग कोणाच्या घरामागून जाणार हाच वाद असतो. त्या म्हणाल्या, बांधकामाची परवानगी काउंटी, म्हणजे इथला जिल्हा, देते, तिथे माझं मत चालत नाही. पण त्या कंपन्यांना विक्रीकरात जी सूट आहे ती राज्याची, त्यावर माझं मत असं असं. ते मला पटलं नाही. पण कुठलं काम आपलं आणि कुठलं नाही, हे उमेदवाराच्या तोंडून मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. आमच्या खाजगी टोलरस्त्यावर मात्र त्याही "बघते" म्हणाल्या. टोलचं दुखणं सगळीकडे सारखंच असावं.

सातारा

आमच्या दारात उमेदवार आलाच नाही. आजी पंच्याऐंशीच्या पुढची, म्हणून तिचं मत घ्यायला कर्मचाऱ्यांचं पथक घरी आलं. तिला वाटलं हेच उभे आहेत. पाट मांडला, गूळपाणी दिलं आणि विचारलं, "एसटीचं फुकट तिकीट बंद करणार न्हाई न्हवं?" पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना २०२२पासून ते मिळतंय, तिची महिन्याची गोंदवल्याची वारी त्यावरच चालते. अधिकारी बिचारे कागद सावरत म्हणाले, "आजी, मी भूमापनातला." आजी म्हणाली, "मग बांधाचं तरी बघा."