पेट्रोलचा काटा अर्ध्यावरून एकदम शून्यावर: नुसता फ्लोट बदलू की पूर्ण पंप?

सातारा_रस्ता: नमस्कार मंडळी. गाडी २०१२ची, छोटी, पेट्रोल, टाकी ३५ लिटरची. दोन महिने झाले, काटा अर्ध्यावर आला की धाडकन खाली पडतो, थोड्या वेळाने परत वर. गेल्या रविवारी खंबाटकी चढताना काटा अर्धी टाकी दाखवत होता आणि पेट्रोल संपून गाडी बंद पडली. आई मागे बसलेली, मी येणाऱ्या ट्रकना हात करतोय. गॅरेजवाला म्हणतो पंपासकट सगळा सेट बदला, साडेआठ हजार. माझं बजेट दीड हजार. टाकीतली पातळी काट्याला सांगणारा नुसता फ्लोट मिळतो का?

वाटाड्या: सेटच बदला. मी चार वर्षांपूर्वी बदलला, एकदाही तक्रार नाही. पैशाकडे बघू नका.

निळी_गाडी: त्यापेक्षा सीएनजी बसवा. चार हिरवे दिवे, काट्याची भानगडच नाही.

मल्टिमीटर: सीएनजीचे दिवे गॅसचा दाब बघून लागतात. भरताना सिलिंडर तापलेलं असतं, गार झालं की दाब उतरतो आणि एक दिवा जातो. त्याच्यावरही विसंबू नका.

निळी_गाडी: माझा कधी गेला नाही.

मल्टिमीटर: बरं. सातारा_रस्ता, मूळ प्रश्नावर येतो. टाकीत तारेच्या दांडीला फ्लोट असतो. दांडी वर-खाली झाली की दुसऱ्या टोकाची पत्ती रेझिस्टन्सच्या पट्टीवर सरकते आणि मीटर तो रेझिस्टन्स वाचतो. एकाच जागी घासून पट्टी गेली की काटा तिथेच उड्या मारतो. बऱ्याच गाड्यांत मागच्या सीटखाली झाकण असतं. आधी तिथला कनेक्टर आणि अर्थिंग बघा, ते फुकटात होतं. मग फ्लोटचं युनिट बाहेर काढून रेझिस्टन्स मोजायला मल्टिमीटर ओहमवर लावा आणि दांडी हळूहळू फिरवा. आकडा सलग बदलला पाहिजे, मध्येच गायब झाला तर पट्टी खराब. काम मोकळ्या हवेत, बॅटरीचा निगेटिव्ह काढून, टाकी जवळपास रिकामी असताना. सवय नसेल तर मेकॅनिकला समोर बसवूनच करा.

वाटाड्या: म्हणजे शेवटी सेटच.

कोकणवारी: काट्याचं राहू द्या, इंजिन ऑइलची पातळी मोजायची पट्टी बघता का? माझ्या मेव्हण्याने ऑइलचा दिवा लागत नाही म्हणून वर्षभर पट्टी काढलीच नाही. तो लाल दिवा ऑइलचा दाब गेल्यावर लागतो! इंजिन उघडावं लागलं, चाळीस हजार गेले.

जुना_ड्रायव्हर: पट्टी सकाळी गार इंजिनवरच बघायची.

कोकणवारी: आमच्या गाडीच्या पुस्तकात लिहिलंय, गरम इंजिन बंद करून पाच मिनिटं थांबा. सपाट जागा मात्र हवीच.

अनघा_नाशिक: ब्रेक ऑइलचंही सांगते. डबीत पातळी खाली दिसली म्हणून मी वरपर्यंत भरून घेतलं. खरं तर पॅड झिजले होते. नवे पॅड घालताना ब्रेकचे पिस्टन मागे दाबले, ऑइल डबीतून उतू गेलं आणि बॉनेटखालच्या पत्र्याचा रंग बोटाने सोलून निघाला. आधी पॅड बघा, मग भरा.

वाटाड्या: ओरिजिनल सेट घ्या, डुप्लिकेट नको.

सातारा_रस्ता: सगळ्यांचे आभार. कनेक्टर साफ केला, फरक नाही. नुसता फ्लोट बाराशेला मिळतोय, पण सध्या टाकी उघडायची नाही असं ठरवलंय. टाकी फुल, ट्रिप मीटर शून्य, ३०० किलोमीटरला परत फुल. काल पहिल्यांदा केलं, २०.४ लिटर बसलं. काट्यावर आईने कागदाची पट्टी चिकटवलीय.

मल्टिमीटर: पट्टी लो फ्युएलच्या दिव्यावर आली नाही ना, तेवढं बघा.