अपग्रेड अर्धवट राहिल्यावर उबुंटू सुरू होत नाही

प्रश्न (लातूर): आमच्या अभ्यासिकेतील संगणकावर उबुंटू या लिनक्स कार्यप्रणालीचे 22.04 वरून 24.04 चे अपग्रेड चालू असताना वीज गेली. तेव्हापासून ग्रबच्या (संगणक सुरू होताना येणारा, कार्यप्रणाली निवडण्याचा मेनू) पुढे ‘कर्नल पॅनिक’ (कर्नल, म्हणजे कार्यप्रणालीचा गाभा, अडल्याचा) असा संदेश येऊन सर्व काही थांबते. विद्यार्थ्यांच्या नोट्स त्याच डिस्कवर आहेत. त्या वाचतील का?

उत्तर (नांदेड): कृपया फॉरमॅटची घाई करू नका, नोट्स बहुधा सुरक्षित आहेत. संदेशात ‘अनएबल टू माउंट रूट एफएस’ (मुख्य डिस्क जोडता आली नाही) असे शब्द असतील, तर नव्या 6.8 कर्नलची इनिटरॅमएफएस फाइल (सुरुवातीला मुख्य डिस्क जोडून देण्यास लागणारी) तयार होण्याआधीच वीज गेली असावी. ग्रबमधील ‘अ‍ॅडव्हान्स्ड ऑप्शन्स’मधून जुने 5.15 कर्नल निवडा, आत शिरताच सर्वप्रथम नोट्स पेनड्राइव्हवर घ्या आणि त्यानंतरच ‘सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही, अर्धवट राहिलेली पॅकेजेस पूर्ण करणारी आज्ञा द्या.

उत्तर (परभणी): त्याआधी ‘डीएफ -एच’ या डिस्कवरील जागा दाखवणाऱ्या आज्ञेने बूट विभाजन (डिस्कचा कर्नलच्या फाइली असलेला भाग) भरलेले नाही ना, हे पाहावे, जागा नसेल तर इनिटरॅमएफएस पुन्हा अर्धवटच राहील. आपल्याकडील भारनियमन पाहता इन्व्हर्टरशिवाय अपग्रेड करूच नये, असे माझे ठाम मत आहे.

प्रश्नकर्ता: जुन्या कर्नलवर संगणक सुरू झाला, नोट्स मिळाल्या. डीपीकेजीचे काम सुरळीत झाले, परंतु नवे कर्नल अजूनही अडते.

उत्तर (नांदेड): आता ‘सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -सी -के’ यापुढे नव्या कर्नलचा पूर्ण क्रमांक लिहून त्याची इनिटरॅमएफएस तयार करा, मग ग्रबचा मेनू अद्ययावत करण्यासाठी ‘सुडो अपडेट-ग्रब’ चालवून संगणक पुन्हा सुरू करा.