कर्जत लोकलमध्ये जुन्या व्हीसीडी बघायच्यात: पाम टीएक्स, पीएसपी की आयपॉड?

कर्जतची_गाडी

मंडळी, सल्ला हवाय. मी रोज कर्जतहून सीएसएमटीला जाते, जायचे दोन तास, यायचे दोन. फोन हातात घेतला की ऑफिसचा ग्रुप, बँकेचे मेसेज, मग रील, आणि दादर कधी गेलं कळत नाही. म्हणून ठरवलंय, फोन बॅगेत आणि हातात असं काहीतरी की ज्यावर कुणाचा मेसेजच येऊ शकत नाही.

बघायचं काय तेही पक्कं आहे. २००१ ते २००५ मधल्या आमच्या कॉलेजच्या एकांकिका. गावातल्या लग्नाच्या शूटिंगवाल्याने शूट करून व्हीसीडीवर दिल्या होत्या. सगळ्या लॅपटॉपवर उतरवून घेतल्यात, डॅट फाइली आहेत (व्हीसीडीवर व्हिडिओ असतो त्या), प्रत्येक एकांकिका तासाच्या आतबाहेर.

लॅमिंग्टन रोडच्या आतल्या गल्लीत एका दुकानात तीन वस्तू बघून आले. पाम टीएक्स, म्हणजे पेनने चालणारा हातातला जुना छोटा संगणक, स्टायलस जागेवर आहे, चार्जर "मिळून जाईल मॅडम". सोनी पीएसपी ३०००, हातात धरून गेम खेळायचं यंत्र, बॅटरीचं झाकण जरा वर आलंय. आणि आयपॉड व्हिडिओ ३० जीबी, काळा, मागून ओरखडे, चालू करताना आतून किर्र आवाज येतो.

बजेट सात हजार. स्क्रीन मोठी म्हणून मन पीएसपीकडे झुकतंय. गेम खेळायचे नाहीत. लॅपटॉप विंडोज ११. काय घेऊ?

यूएमडी_वेडा

पीएसपी. विचार कसला करताय?

मेमरी स्टिक प्रो डुओ आता महाग मिळते, पण मायक्रोएसडी बसणारं अ‍ॅडॉप्टर दीडदोनशेत येतं. फाइल एच.२६४ एमपी४ या प्रकारात बदलायची, कार्डावर व्हिडिओच्या फोल्डरात टाकायची, झालं. यूएसबी केबल साधी, विंडोज ११ ला पेन ड्राइव्हसारखी दिसते. शिवाय आवाजाला, पुढेमागे करायला खरीखुरी बटणं आहेत. आणि गेम खेळणार नाही म्हणताय ते महिनाभरानंतर बोलू.

स्टायलसकाका

ताई, आधी ते इंच विसरा.

तुमची व्हीसीडी पाल, म्हणजे आपल्याकडच्या टीव्हीच्या पद्धतीची, म्हणजे ३५२×२८८ चं चित्र, आणि ते दाखवायचं असतं जुन्या टीव्हीच्या ४:३ चौकटीत. पीएसपीची स्क्रीन ४.३ इंच खरी, पण ४८०×२७२, लांबुडकी. एकांकिका लावली की उंचीचे २७२ ठिपके भरतात, रुंदीचे ३६२ च, बाकी दोन्ही बाजूंना काळं. टीएक्सची स्क्रीन ३२०×४८०. आडवी धरली की तेच चित्र ४२६×३२० मध्ये बसतं. आता पट्टी घेऊन मोजा. दोन्हींवर चित्राचा कर्ण साडेतीन इंचांच्या आसपासच येतो! म्हणजे ज्या मोठ्या स्क्रीनवर तुमचा जीव जडलाय, ती तुमच्या नाटकाला मिळतच नाही. आयपॉड अडीच इंचांचा, ३२०×२४०, पण मुळातच ४:३, त्यामुळे काठोकाठ भरतो.

आता शूटिंगवाला. लग्नाच्या शूटिंगवाल्यांना मी ओळखतो. बाप्पा, तो ट्रायपॉड शेवटच्या रांगेत लावून चहाला गेला असणार. म्हणजे वर रंगमंचाचा काळा अंधार, खाली नट. तो वरचा अंधार फाइल बनवताना कापून टाका. २८८ ओळींपैकी वरच्या ३२ कापल्या की चित्र बरोबर ३:२ होतं आणि टीएक्सची स्क्रीन या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत भरते. पीएसपी भरायची तर सत्तरएक ओळी कापाव्या लागतात, त्यात उभ्या नटाचं डोकं जायची भीती. अडीच इंचात तर कापा नाहीतर राहू द्या, दूरच्या शॉटमध्ये चेहरे दिसायचे नाहीत, नुसत्या आकृत्या हलतील. तुम्हाला त्यातले आवाजच पाठ असतील तर गोष्ट वेगळी.

टीएक्सवर टीसीपीएमपी नावाचा प्लेअर टाका, फुकट आहे. त्याची गंमत अशी की व्हीसीडीतला व्हिडिओ ज्या प्रकारात असतो तो एमपेग-१ तो जसाच्या तसा वाजवतो. डॅटचं वेष्टन काढून एमपीजी करा, पुन्हा एन्कोड करायची गरज नाही. पण व्हीसीडीचा हिशेब सेकंदाला ११५० किलोबिट चित्र आणि २२४ आवाज, म्हणजे तासाला सहाशेच्या वर एमबी, आणि टीएक्स साधं एसडी कार्ड वाचते, २ जीबीपर्यंतचं. मोठी एसडीएचसी कार्डं ती स्वतःहून ओळखत नाही. मूळ फाइली ठेवल्या तर तीन एकांकिका बसतील. एक्सव्हिड या जास्त दाबणाऱ्या प्रकारात ५०० किलोबिट चित्र आणि ९६ चा एमपी३ आवाज केलात तर सातएक बसतील. मूळ टेपच धूसर असणार, फरक डोळ्याला कळत नाही. आवाज एएसी या प्रकारात करू नका, एमपी३ च ठेवा, नाहीतर प्लगइन शोधत बसाल.

विंडोज ११ आणि हॉटसिंक, म्हणजे पामला संगणकाशी जोडायचं जुनं सॉफ्टवेअर, यांच्या नादी लागूच नका. कार्ड रीडर घ्या. प्लेअरच्या फाइली कार्डावर पाम फोल्डरातल्या लाँचर फोल्डरात टाकायच्या, यंत्रात कार्ड घालायचं आणि तिथूनच "कॉपी" करून आत घ्यायच्या. वायर लागतच नाही.

वायर लागते ती चार्जिंगला. "मिळून जाईल मॅडम" या वाक्यावर एक रुपयाही देऊ नका. टीएक्सचं खालचं जोडणीचं तोंड पामचं स्वतःचं आहे, मिनी यूएसबी नव्हे, मायक्रो तर नाहीच. ती वायर दुकानदाराकडे नसेल तर त्याने हे यंत्र चार्ज कसं केलं हे विचारा. गप्प बसेल.

मी या बाबतीत इतका चिवट का, तर मी एमआर, म्हणजे औषध कंपनीचा प्रतिनिधी होतो. अकोला, वाशिम, यवतमाळ. कंपनीने आम्हाला डीसीआर, म्हणजे रोजच्या डॉक्टरभेटींचा अहवाल भरायला हातातलं यंत्र दिलं होतं, कुठलं ते जाऊ द्या. त्या काळातल्या बहुतेक यंत्रांत सगळा डेटा रॅममध्ये असायचा, बॅटरी संपली की पाटी कोरी. पामच्या पहिल्या, १९९६ च्या पायलट यंत्रापासूनच ती रीत: दोन ट्रिपल-ए सेल, आणि बदलायचे तर मिनिटभरात बदला. आमच्या एका सहकाऱ्याने दिवाळीच्या सुट्टीत यंत्र कपाटात ठेवलं. परत आला तर डॉक्टरांची यादी नाही, स्टॉकिस्टचे आकडे नाहीत, महिन्याचे कॉल नाहीत. मॅनेजर म्हणे, कागदावर लिहून ठेवायचं होतं! ज्या कागदापासून सुटका म्हणून यंत्र दिलं, तोच कागद. टीएक्स २००५ ची, तिची १२८ एमबी फ्लॅश आहे, ऑफ होऊन महिनाभर पडली तरी आत टाकलेलं जात नाही. जुनी पाम घ्यायची तर माझी ही पहिली अट. पामचीच तंगस्टन टी३ देखणी आहे, सरकवली की स्क्रीन मोठी होते, पण तिची मेमरी जुन्या रीतीची.

एक तक्रार मात्र आहेच. टीएक्सवर पेनने लिहायला ग्राफिटी २ ही लिपी आहे. झेरॉक्सशी पेटंटचा खटला झाला आणि पामने २००३ मध्ये आपली एका फटकाऱ्यात लिहायची लिपी बदलली. नव्या लिपीत टी काढायलाही दोनदा पेन टेकवायचं. माझा हात अजून जुन्यावरच जातो. तुम्हाला फक्त बघायचंय, तुम्हाला त्रास नाही. मराठी वाचायची हौस असेल तर मात्र टीएक्स कामाची नाही, पाम ओएसला युनिकोड कळत नाही. पानांचे फोटो करून बघावे लागतात.

मराठीवरून आठवलं. २००४ मध्ये बंगळुरूच्या पिकोपेटा कंपनीने आणि भारत इलेक्ट्रॉनिक्सने अमिडा सिंप्युटर हा हातातला संगणक आणला होता. आपल्याच लोकांनी, आयआयएससीच्या (भारतीय विज्ञान संस्थेच्या) प्राध्यापकांनी आणि एन्कोर कंपनीवाल्यांनी मिळून आखलेला. आत लिनक्स. कल्पना अशी की गावात एकच यंत्र, प्रत्येकाचं आपलं स्मार्ट कार्ड, घाला आणि वापरा. भारतीय भाषा बोलून दाखवायचा. अमिडात तर हात तिरका केला की पान उलटायचं, आयफोन यायच्या तीन वर्षं आधी. एका डॉक्टरांच्या टेबलावर बघितला होता, त्या दिवशी माझं डिटेलिंग, म्हणजे औषधांची माहिती सांगणं, राहिलं बाजूला. कुणाकडे असेल तर कळवा, योग्य किंमत देईन.

असो. मी पामवाला असूनही सांगतो, उभ्याने प्रवास असेल तर टीएक्स नको. ती स्क्रीन नखाने किंवा स्टायलसने दाबावी लागते, ठाणे-मुलुंडच्या गर्दीत स्टायलस पडली की गेली. पण तुमची सकाळची गाडी कर्जतहूनच सुटते, बसायला मिळत असणार. मग टीएक्स.

कर्जतची_गाडी

काका, शूटिंगवाला खरंच शेवटच्या रांगेत होता. आणि एका एकांकिकेत मधेच अर्धा मिनिट त्याच्या चपला दिसतात.

सकाळी खिडकी मिळते. संध्याकाळी चौथी सीट मिळाली तर मिळाली, नाहीतर कल्याणपर्यंत उभी. वायफाय टीएक्समध्ये आहे असं दुकानदार म्हणाला, मग इंटरनेट चालू होणारच ना? मला तेच तर नकोय.

स्टायलसकाका

वायफाय आहे. पण तिच्या ब्राउझरला आजचं एन्क्रिप्शन कळत नाही, साइट उघडायच्या आधीच हात टेकतो. तुमच्या ऑफिसचा ग्रुप त्या यंत्रापर्यंत पोहोचूच शकत नाही, हवं तर लिहून देतो.

तपकीरगल्ली_रिपेअर

कर्जतताई, मी पुण्यात दुरुस्तीचं काम करते, रोज हेच हातात असतं. यंत्र कुठलं चांगलं हे काकांनी सांगितलं. मी तुम्ही लिहिलेल्या तीन लक्षणांबद्दल बोलते.

पीएसपीचं झाकण वर आलंय, म्हणजे बॅटरी फुगली असणार. लिथियमची कुठलीही जुनी बॅटरी फुगू शकते. दुकानात तसली चालू करून बघू नका, आणि घेतलीत तर त्या बॅटरीसकट लोकलमध्ये नेऊ नका. सुदैवाने पीएसपीची बॅटरी हाताने निघते, नवी लगेच बसते. यूएमडीवाले दादा, हे तुम्ही आधी सांगायला हवं होतं. आणि फुगलेली बॅटरी दाबायची नाही, टोचायची नाही, ओल्या कचऱ्यात तर मुळीच टाकायची नाही. ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.

आयपॉडचा किर्र आवाज म्हणजे आतली १.८ इंची हार्ड डिस्क. थोडी गुणगुण स्वाभाविक, पण किर्र आणि मधे टक्क असं येत असेल तर ती चालली. त्यात वाईट काही नाही, उलट दर पाडून घ्या. डिस्क काढून तिच्या जागी एसडी कार्डाचं अ‍ॅडॉप्टर बसवता येतं. वजन कमी होतं, धक्क्याची भीती जाते आणि बॅटरी जास्त टिकते. हे तुमच्यासाठी महत्त्वाचं आहे, कारण २००५ च्या ३० जीबी मॉडेलला अ‍ॅपलनेच व्हिडिओचे दोन तास सांगितले होते, तेही बॅटरी नवीकोरी असताना. २००६ च्या सुधारित ३० जीबीला साडेतीन. दिसायला दोन्ही जवळपास सारखे. मेनूत गाणी शोधायची "सर्च" अशी ओळ असेल तर तो बहुधा नंतरचा.

उघडताना मात्र स्वतः करू नका. पाठीमागच्या स्टीलच्या झाकणाला बॅटरीची इतकी बारीक पट्टी जोडलेली असते की झटक्याने झाकण ओढलं की तुटते. माझ्याकडे येणाऱ्या आयपॉडांतले निम्मे घरी उघडून आणलेले असतात.

आणखी एक. त्यावर रॉकबॉक्स, म्हणजे अशा यंत्रांसाठीचं पर्यायी सॉफ्टवेअर, टाकलं तर तेही एमपेग-१ वाजवतं, फक्त चित्र ३२०×२४० करून द्यायचं. एच.२६४ मात्र रॉकबॉक्समध्ये नाही, त्यासाठी अ‍ॅपलचं मूळ सॉफ्टवेअर आणि आयट्यून्स. हेडफोनच्या भोकातून टीव्हीला चित्रही देता येतं, टीएक्समध्ये ती सोय नाही. तुमचा जुना ग्रुप कधी जमला तर उपयोगी पडेल.

माझं मत: संध्याकाळी उभं राहायचंय, एका हातात डबा नाहीतर पर्स, एका हातात दांडी. चाकावर अंगठा फिरवून चालणारं यंत्र घ्या. आयपॉड दोन-अडीच हजारांत पाडा, उरलेल्यात कार्ड, अ‍ॅडॉप्टर, नवी बॅटरी.

स्टायलसकाका

तपकीरताईंचं बरोबर आहे, दांडीचा मुद्दा माझ्या ध्यानात नव्हता. तरी चेहऱ्यांचं काय? अडीच इंचात ते आकृत्यांचं नाटक तुम्ही दोन तास बघाल?

असं करा. जाण्याआधी एका एकांकिकेची पाच मिनिटं फोनवर घ्या आणि कागदात अडीच इंच कर्णाचं चौकोनी भोक कापून तो फोनवर चिकटवा. आयपॉडची पडद्याची रुंदी बरोबर दोन इंच, उंची दीड. अख्खं चित्र त्या भोकात मावेल एवढं लहान करून बघा. ओळख पटतेय, कोण बोलतंय ते कळतंय, तर आयपॉड. नाही कळलं तर टीएक्स, आणि संध्याकाळी नुसती गाणी ऐका.

कर्जतची_गाडी

आत्ताच करून बघितलं, तिकिटाच्या मागच्या कागदातून. आमच्या ग्रुपमधली तीन पोरं चालण्यावरून ओळखली, चेहरा एकाचाही नाही. पण संवाद स्वच्छ ऐकू येतात, शूटिंगवाल्याने माइक पुढे ठेवला होता बहुतेक.

शनिवारी जाते. आधी टीएक्सची वायर मागते, दाखवली आणि समोर चार्ज झाली तर ती. नाही तर आयपॉड, आणि तपकीरताई, पुण्याला पाठवते तुमच्याकडे.

तपकीरगल्ली_रिपेअर

पाठवा. कुरिअरवाल्याला आत बॅटरी आहे हे सांगून पाठवा. आणि निघण्याआधी व्हीसीडीतून उतरवलेल्या फाइलींची दुसरी प्रत कुठेतरी ठेवा, त्या तबकड्या वीस वर्षांच्या झाल्या.

यूएमडी_वेडा

म्हणजे पीएसपी राहिलीच ना? ताई, दुकान कुठलं ते मला मेसेज करा. बॅटरी माझ्याकडे पडून आहे.