खोट्या तक्रारीतली एक गोष्ट खरी आहे. सांगू का?

रात्रपाळी

मी 14 वर्षं नर्सिंगमध्ये आहे. त्यातली शेवटची 3 सर्जिकल वॉर्डची इन्चार्ज म्हणून. मध्यंतरी आमच्याकडे टाके पिकण्याच्या केसेस वाढल्या होत्या. एका बाईची जखम दोनदा उघडावी लागली. तिचं तान्हं बाळ घरी होतं. ड्रेसिंगच्या वेळी ती दात आवळून छताकडे बघत राहायची, आवाज नाही. तिच्यामुळे मी हात धुण्याचं ऑडिट सुरू केलं. 

जागतिक आरोग्य संघटनेने हात स्वच्छ करण्याचे 5 प्रसंग ठरवून दिले आहेत: रुग्णाला हात लावण्याआधी, निर्जंतुक काम करण्याआधी, रक्ताशी किंवा स्रावाशी संपर्क आल्यावर, रुग्णाला हात लावून झाल्यावर, आणि त्याच्या आसपासच्या वस्तूंना हात लावल्यावर. रोज एका पाळीत थोडा वेळ कोपऱ्यात उभं राहायचं आणि कोणत्या प्रसंगी हात धुतले गेले, कोणत्या नाही, ते फॉर्मवर टिपायचं. पाचवा प्रसंग सगळ्यात जास्त चुकतो. आपण खाटेचा कठडा वर करतो, सलाईनचा स्टँड सरकवतो आणि तसेच पुढच्या खाटेकडे जातो, कारण रुग्णाला तर हात लावलेलाच नसतो ना! हे दाखवून दिल्यावर बऱ्याच जणींना खरंच पटलं. हळूहळू जखमा चिघळणं कमी झालं.

मग माझं कौतुक झालं आणि सगळं बिघडलं. संसर्ग नियंत्रणाचं पूर्ण रुग्णालयाचं काम माझ्याकडे आलं. माझ्याहून सीनियर दोन सिस्टर होत्या, त्यांच्याकडे ते गेलं नाही. त्यातल्या एकीनेच मला पहिल्यांदा शीर सापडवायला शिकवलं होतं. आता मी चेंजिंग रूममध्ये गेले की बोलणं थांबतं. पाळी बदलताना रुग्णांची माहिती देतात तो हँडओव्हर अर्धवट मिळतो. आणि महिन्याभरापूर्वी माझ्याविरुद्ध निनावी तक्रार आली. त्यात तीन आरोप आहेत: हँडरबच्या (हातांना चोळायच्या जंतुनाशकाच्या) खरेदीत माझा हात आहे, मी वरिष्ठांची खुशामत करून जागा मिळवली, आणि ऑडिटचे आकडे मी बसल्या जागी भरले.

पहिले दोन आरोप धादांत खोटे आहेत. खरेदीच्या कागदावर माझी सहीसुद्धा नसते. तिसराही खोटा आहे. पण पूर्ण नाही.

माझे वडील अतिदक्षता विभागात होते तेव्हाचे 9 दिवस मी ऑडिट केलंच नाही. कोणाला सांगायला हवं होतं, तेही सुचलं नाही. महिनाअखेरीला ते फॉर्म कोरे दिसत होते. मी आधीच्या आठवड्यावरून अंदाज बांधून ते भरले आणि खाली त्या त्या दिवसाची तारीख घातली. एका रात्रीत, एकाच पेनाने. हे कोणालाही माहीत नाही. तक्रार करणारीलाही नसावं, तिने अंधारात दगड मारला आणि तो नेमका लागला.

पुढच्या आठवड्यात चौकशी समितीसमोर जायचं आहे. माझी मैत्रीण म्हणते, "गप्प बस. त्यांच्या हातात आयतं कोलीत देऊ नकोस. 9 दिवसांसाठी सगळं काम मातीत जाईल."

अजून एक सांगते, कारण ते कोणाजवळ बोलता येत नाही. मी रोज झोपण्याआधी प्रार्थना करते, लहानपणापासून. पूर्वी त्यात रुग्ण असायचे, वडील असायचे. हल्ली मी डोळे मिटले की त्या दोघींचे चेहरे येतात आणि मी देवाकडे न्याय मागते. परवा लक्षात आलं की मी न्याय मागत नव्हते, त्यांचं वाईट मागत होते. त्या रात्री मी मध्येच उठून बसले. तक्रारीपेक्षा मला याची जास्त भीती वाटली.

काय करू?

जुना_ताळेबंद

ताई, मी आयुष्यभर हिशेब तपासले. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण मागाहून भरलेली नोंद आजही मला पानावरून ओळखता येते. खरी रोजची वही मळलेली असते. अक्षर एके दिवशी घाईचं, एके दिवशी नीट. शाई बदलते. मध्येच खाडाखोड असते. मागाहून भरलेली 9 पानं एकसारखी दिसतात. शिवाय तुमच्या हजेरीपटावर त्या दिवसांची रजा असेल. समितीतल्या एकाला जरी हजेरी आणि फॉर्म शेजारी ठेवण्याची बुद्धी झाली, तरी पाच मिनिटांत उलगडा होईल. तेव्हा "कोणालाही माहीत नाही" यावर विसंबू नका.

पण मी सांगा म्हणतो ते पकडल्या जाल म्हणून नाही. ते 9 फॉर्म तुमच्या सगळ्या कामाच्या सरासरीत मिसळलेले आहेत. त्या आकड्यांवरून कोणी उद्या ठरवेल की या वॉर्डात पाचवा प्रसंग सुधारला, आता तिकडे लक्ष नको. आकडा कागदावर एकदा गेला की तो तुमचा राहत नाही.

आता कसं सांगायचं ते. जुन्या फॉर्मला हात लावू नका. फाडू नका, पांढरी शाई लावू नका, वरून काही लिहूही नका. मूळ कागद आहे तसा राहिला पाहिजे, तोच तुमचा साक्षीदार. वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून, सरळ तीन-चार वाक्यांत लिहा: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंतच्या नोंदी प्रत्यक्ष निरीक्षणाच्या नाहीत, त्या मी नंतर भरल्या. वडिलांचं आजारपण कारण म्हणून एका ओळीत येऊ द्या, पण त्याच्या आड उभ्या राहू नका. मग ते 9 दिवस वगळून सगळी सरासरी पुन्हा काढा आणि दोन्ही आकडे शेजारी ठेवा. हे तुमच्या मेट्रनच्या हातात समितीच्या आधी द्या आणि पोच घ्या. पोच विसरू नका.

बाकीच्या दोन आरोपांना उत्तर देताना आवाज चढवू नका. कागद पुढे सरकवा.

पाऊलवाट

माझं मत वेगळं आहे आणि ते अनुभवातून आलं आहे. मीही अशाच एका चौकशीत स्वतःहून एक चूक सांगितली होती. खोट्या आरोपांची मी केलेली उत्तरं कुठे गेली कोणास ठाऊक, अहवालात माझं तेवढं एक वाक्य राहिलं: "त्यांनी स्वतः मान्य केले आहे." त्यानंतर मला त्या कामावरून काढलं आणि ज्याने तक्रार केली होती त्याला तिथे बसवलं. प्रामाणिकपणाची कदर होते असं मानून जाऊ नका. जायचंच असेल तर हे सगळं जाऊ शकतं हे धरून जा. घरी दोन माणसांना आधी सांगून ठेवा. मला ते एकट्याने झेलावं लागलं, आणि ते मला अजून पेलत नाही.

ओंजळ

सिस्टर, मीही याच कामात होते. तुमची पोस्ट दोनदा वाचली.

आधी त्या दोघींबद्दल. तुम्ही सगळ्याला मत्सर म्हणताय का, हे स्वतःला विचारा. आपल्या भाषेत यासाठी वेगवेगळे शब्द आहेत आणि ते उगाच नाहीत. हेवा म्हणजे तुझ्याकडे आहे ते मलाही हवं होतं. त्यात तुमचं वाईट व्हावं अशी इच्छा असेलच असं नाही. मत्सर म्हणजे तुझ्याकडेही नको. आणि असूया त्याहून वेगळी, तिची जुनी व्याख्याच अशी आहे की दुसऱ्याच्या गुणात दोष दाखवणं. ती निनावी तक्रार असूयेची आहे यात शंका नाही. पण ज्या सीनियर सिस्टरने तुम्हाला शीर सापडवायला शिकवली, तिचा अबोला कदाचित निव्वळ हेवा असेल, किंवा दुखावलेपण. शिवाय तुम्ही कोपऱ्यात फॉर्म घेऊन उभ्या राहता. कोण हात न धुता खाटेकडे गेलं ते लिहिता. कितीही चांगल्या हेतूने असलं तरी ज्याच्यावर नजर असते त्याला ती टोचते. मी ऑडिट करायचे तेव्हा माझ्या वाटणीच्या पाळीत मलाही दुसरीकडून तपासून घ्यायचे आणि माझे चुकलेले प्रसंग सगळ्यांसमोर वाचायचे. पहिल्यांदा वाचले तेव्हा कान तापले होते. त्यानंतर वॉर्डातलं बोलणं बदललं.

दुसरं, सेमेलवाइस या हंगेरियन डॉक्टरचं नाव तुम्ही ट्रेनिंगमध्ये ऐकलं असेलच. आपल्याला त्याची अर्धी गोष्ट शिकवतात. व्हिएन्नाच्या मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते, एकात विद्यार्थी डॉक्टर शिकायचे, दुसऱ्यात सुईणी. डॉक्टरांच्या विभागात बाळंतिणी जास्त मरत. हे डॉक्टर शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीला येत. 1847 च्या मे महिन्यात त्याने क्लोरिनयुक्त चुन्याच्या पाण्यात हात धुणं सक्तीचं केलं. एप्रिलमध्ये 18 टक्क्यांच्या आसपास असलेले मृत्यू पुढच्या काही महिन्यांत 2 टक्क्यांच्या आसपास आले. तरी 1849 मध्ये त्याची नेमणूक पुढे चालू ठेवली नाही. मृत्यू आपल्याच हातांवरून रुग्णापर्यंत जातो हे ऐकून घ्यायला वरिष्ठ तयार नव्हते.

उरलेली अर्धी गोष्ट मला जास्त जवळची वाटते. त्याने आपलं सगळं म्हणणं पुस्तकात मांडलं ते 1861 मध्ये, इतक्या वर्षांनी. आणि नंतर विरोधकांना जाहीर पत्रं लिहिली, त्यांना खुनी म्हटलं. तो खरा होता. पण त्या पत्रांनी एकही हात धुतला गेला असेल असं मला वाटत नाही. 1865 मध्ये, 47 व्या वर्षी, तो मनोरुग्णालयात वारला, जखमेतून पसरलेल्या संसर्गाने. मी ही गोष्ट वाचली तेव्हा माझ्याही डोक्यात कोणाकोणाला लिहायची पत्रं तयार होती.

पण याच माणसाने एक गोष्ट केली होती, ती तुमच्या प्रश्नाशी थेट जुळते. त्याने स्वतः खूप शवविच्छेदनं केली होती. कारण उमगल्यावर त्याने लिहून ठेवलं की माझ्यामुळे किती जणी अकाली गेल्या ते देवालाच ठाऊक. विरोधक टपून बसलेले असताना त्याने हे लिहिलं. आज आपण त्याचं ऐकतो त्यात त्या आकड्यांइतकाच या कबुलीचाही वाटा आहे असं मी मानते. स्वतःचे हात ज्याने आधी दाखवले, त्याला दुसऱ्याचे हात बघण्याचा अधिकार पोचतो.

म्हणून पाऊलवाट यांचं सगळं खरं धरूनही मी म्हणेन, सांगा. जागा गेली तर जाईल. पण 9 फॉर्म मनात ठेवून तुम्ही उद्या कोपऱ्यात उभ्या राहिलात तर तुमचाच हात लिहिताना अडखळेल.

प्रार्थनेबद्दल मला फार सांगता येणार नाही. तुम्ही मध्येच उठून बसलात, ते मला चांगलं लक्षण वाटलं. माझ्यावर वेळ आली होती तेव्हा मला त्या व्यक्तीसाठी चांगलं मागणं जमलं नाही. जमल्याचं नाटक देवासमोर करावंसं वाटेना. मी फक्त तिचं नाव घेऊन गप्प बसायचे. पुढे काही मागायचं नाही, वाईटही नाही. बरेच महिने तेवढंच.

रात्रपाळी

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते लिहिते.

ताळेबंद काका, तुम्ही म्हणालात तसंच केलं. कागद लिहायला तीन रात्री गेल्या. पहिल्या खेपेला वडिलांवर अर्धं पान झालं होतं, ते फाडून एक ओळ ठेवली. 9 दिवस वगळून सरासरी काढली. पाचव्या प्रसंगाचा आकडा खाली आला, बाकी फारसा फरक पडला नाही. म्हणजे मी अंदाजाने भरताना नेमका तिथेच हात सैल सोडला होता. हे मला स्वतःला तोपर्यंत माहीत नव्हतं.

मेट्रननी कागद वाचला आणि बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "हे आधी सांगायचं होतंस." पोच दिली. समितीने खरेदीचे कागद पाहून तो आरोप तिथेच बाजूला ठेवला. 9 दिवसांबद्दल मात्र लेखी खुलासा मागितला आहे आणि निर्णय होईपर्यंत ऑडिटचं काम माझ्याकडून काढून घेतलं आहे. पाऊलवाट, तुमचा इशारा आठवत होता. बहिणीला आणि नवऱ्याला आधी सांगून ठेवलं होतं, त्यामुळे त्या दिवशी घरी जाऊन काही लपवावं लागलं नाही. 

ऑडिट सध्या त्या सीनियर सिस्टरकडे दिलं आहे. कोरे फॉर्म आणि निरीक्षणाचा तक्ता मी तिच्याकडे नेऊन दिला. तिने विचारलं, "पाचवा प्रसंग नेमका कुठून धरायचा?" मी खाटेच्या कठड्यापाशी उभं राहून दाखवलं. तिने ते लिहून घेतलं. वडिलांची तब्येत कशी आहे, हेही विचारलं. तक्रार तिने केली की नाही, मला माहीत नाही, आणि मी विचारलं नाही.

रात्री तिचं नाव घेतलं आणि गप्प बसले. दुसरीचं अजून घेता येत नाही. उद्यापासून आठवडाभर त्या दुसरीच्या रात्रपाळीनंतर माझी सकाळची पाळी लागली आहे, आणि पहिल्या दिवशीचा हँडओव्हर मी तिच्याकडूनच घ्यायचा आहे.