मदत हवी आहे: क्रेडिट कार्ड 'सेटल' केलं होतं, आता गृहकर्ज अडलंय

नमस्कार मंडळी,

2020 मध्ये माझी नोकरी गेली आणि क्रेडिट कार्डाचे 82 हजार थकले. वसुलीच्या फोनांनी जीव नकोसा झाला होता. शेवटी फोनवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, 35 हजार भरा, विषय संपवून टाकू." भरले. पत्रही आलं. मी सुटले असंच धरून चालले होते.

आता 42 लाखांचा फ्लॅट ठरवलाय, टोकन दिलंय. 10 लाख आमचे, 32 लाखांचं कर्ज हवंय. नवऱ्याचा सिबिल स्कोअर (कर्जफेडीच्या नोंदींवरून मिळणारे गुण) 771, माझा 648. बँकेने अर्ज परत केला. रिपोर्ट काढला तर त्या कार्डापुढे 'सेटल्ड', आणि खालच्या चौकटींत 30, 60, 90 असे थकलेले दिवस. त्यानंतर घेतलेलं गाडीचं कर्ज मी एकही हप्ता न चुकवता फेडलंय, पण साहेबांचं बोट त्या एका शब्दावरून हललं नाही. नवऱ्याच्या एकट्याच्या पगारावर 24 लाखच बसतात. माझा पगार धरायचा तर मी सहअर्जदार, आणि मग माझा स्कोअर आलाच.

माफ केलेले 47 हजार आता भरून नो ड्यूज (काही बाकी नसल्याचं पत्र) घेतलं तर शेरा 'क्लोज्ड' होतो, असं कळलं. कोणी प्रत्यक्ष केलंय का? कार्डाची बँक वर व्याज-दंड मागते का? पैसे भरायची तयारी आहे, पण ते त्या 10 लाखांतूनच जाणार. नोंद 30 दिवसांत दुरुस्त झाली नाही तर रोजचे 100 रुपये भरपाई मिळते हे वाचलंय, पण तो नियम चुकीच्या नोंदीसाठी. माझी नोंद तर खरी आहे.

एजंट म्हणतो पाच ठिकाणी एकदम अर्ज टाका. मला ते पटत नाही, प्रत्येक अर्जामागे होणारी चौकशी रिपोर्टमध्ये चढते. दुसरा मार्ग म्हणजे गृहवित्त कंपनीकडून जास्त व्याजाने फ्लोटिंग (बदलत्या) दराचं कर्ज घेऊन स्कोअर सुधारला की बँकेकडे वळवायचं. फ्लोटिंगला मुदतीआधी फेडण्याचा दंड नाही, त्यामुळे हे जमेल असं वाटतं. पण वळवताना हाच शेरा पुन्हा आडवा येईल का?

करार पुढच्या महिन्यात आहे. आधी 47 हजार भरू की आधी कंपनीकडे अर्ज करू? या वाटेने गेलेल्या कोणी क्रम सांगितला तर फार मदत होईल.