दारू घरीच सोडवायची म्हणतात, कोणाला कळू नये म्हणून

महालकरीण:
जेठ रोज पितात, आता सकाळीही लागते. मेडिकलला (नागपूरच्या सरकारी दवाखान्यात) नेलं तर समाजात बोभाटा होईल, नणंदेची सोयरीक मोडेल, असं सासूबाईंचं म्हणणं. म्हणून आठवडाभर वरच्या खोलीत ठेवायचं आणि वरणात दारू सोडवायची गोळी कालवायची, असं ठरतंय. धोका किती?

रात्रपाळी:
ताई, कोंडू नका. सकाळी हात कापतात आणि घोट घेतला की थांबतात, असं असेल तर शरीराला दारूची सवय जडली आहे. एकदम बंद केली की सहा ते चोवीस तासांत घाम, थरथर, उलट्या. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. पुढे दुसऱ्या ते चौथ्या दिवसात भ्रम: भिंतीवर किडे दिसतात, चादरीवरून काहीतरी वेचत बसतात, घरच्यांना ओळखत नाहीत. घरचे त्याला बाहेरचं समजून उतारा काढतात. तोवर ताप चढलेला असतो, आणि जीव जातो तो इथंच. डॉक्टर भेटेपर्यंत एका झटक्यात बंद करू नका.

लपवालपवीनं हेच दवाखान्यातही होतं. पाय मोडला म्हणून भरती, डॉक्टरांनी विचारलं तर घरचे म्हणतात, "कधीमधी घेतात." तिसऱ्या रात्री पेशंट सलाईन उपटून पळायला बघतो. पाहुण्यांना बाहेर पाठवा आणि खरं सांगा: रोज किती, देशी की मोहाची, शेवटचा घोट कधी, पूर्वी फिट आली होती का. अशा पेशंटला ग्लुकोजच्या आधी किंवा सोबत थायामिन (बी-१) लागतं. ते राहिलं तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

गोळीवाला:
वरणातली गोळी म्हणजे बहुतेक डायसल्फिराम. ती पेशंटला सांगून, त्याच्या मर्जीनंच द्यायची असते, तीही शेवटच्या घोटानंतर किमान १२ तासांनी. वर दारू पोटात गेली की तोंड लालबुंद, उलट्या, धडधड, बीपी खाली. हृदयाचा त्रास असेल तर जीवावर बेततं. गोळी थांबवल्यावरही सुमारे दोन आठवडे हा धोका राहतो, अल्कोहोल असलेल्या खोकल्याच्या औषधानंसुद्धा. चोरून दिलेली असेल तर कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरला कारणच कळत नाही.

धरमपेठी:
सोयरीकवाल्यांचं म्हणाल तर पानठेल्यावर आधीच सगळं माहीत असतं, वहिनी. मेडिकल, मेयो, मिहानचं एम्स, नागपूरच्या या तिन्ही सरकारी दवाखान्यांत मानसोपचार ओपीडी आहे. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात व्यसनही येतं आणि उपचाराची माहिती गुप्त ठेवण्याचा हक्क पेशंटला आहे. रजेच्या दाखल्यावर काय लिहिणार, ते आधीच विचारून घ्या. नाव न सांगता बोलायचं तर १४४१६, टेलिमानस ही सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन, फुकट, मराठीतही. घरच्यांसाठी अल-अनॉनच्या बैठका असतात, पिणारा नाही आला तरी चालतं. आणि जेठांची उधारी फेडणं, ऑफिसला "ताप आहे" म्हणून फोन करणं आजपासून बंद. अब्रू वाचवायला केलेल्या याच कामांवर पिणं सुखानं चालू राहतं.

महालकरीण:
आणि ते तयारच नाही झाले तर?

धरमपेठी:
नुसतं पितो म्हणून जबरदस्तीनं भरती करता येत नाही. स्वतःला किंवा इतरांना इजा होण्याची वेळ आली, किंवा स्वतःची काळजीच घेता येईना, तर कलम ८९ खाली नामनिर्देशित प्रतिनिधीच्या (पेशंटच्या वतीनं नेमलेल्या माणसाच्या) अर्जावर, तपासणीनंतर, ३० दिवसांपर्यंत. गाडी पाठवून उचलून नेतो म्हणणाऱ्या केंद्राला आधी या कायद्याखालची नोंदणी मागा. साखळीनं बांधायला कलम ९५ नं बंदी आहे. आत जाऊन खोल्या बघू देत नसतील तर तिथूनच परत फिरा.